आधी पकड, मग डोळा: रस्त्यावरच्या झटापटीतल्या या चुका टाळा

दर नव्या तुकडीत एक तरी जण असतोच. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या दिवशी, मी पट, म्हणजे पाय धरून खाली पाडायचा डाव, कसा काढायचा ते दाखवत असताना तो हात वर करतो. "सर, हे सगळं ठीक आहे, पण रस्त्यावर नियम नसतात. मी सरळ डोळ्यात बोटं घातली तर?" आणि मग बाकीच्यांकडे बघून हसतो. जणू पिढ्यान्‌पिढ्या माणसं एकमेकांना खाली पाडत आली, पण डोळा कुठे असतो ते एकालाही ठाऊक नव्हतं.

माझी बाजू आधीच सांगून टाकतो. माझी सगळी उमेदवारी कुस्तीसारख्या पकडीच्या खेळांत गेली, आधी माती, मग मॅट. त्यामुळे डोळा, जांघ, चावा, बोट मोडणं या घाणेरड्या डावांवर माझा राग आहे असं लोकांना वाटतं. राग डावांवर नाही, ते चार तासांत शिकून निर्धास्त झालेल्यांवर आहे. आणि आमच्या मॅटवाल्यांचीही मी गय करणार नाही, त्यांची पाळी पुढे येईलच.

चूक पहिली: घाणेरडा डाव म्हणजे पकडीवरचा उतारा, असं समजणं

एका मुलाला मी तोंडाने समजावणं सोडून दिलं. तो दोन दिवसांचं शिबिर करून आला होता, प्रमाणपत्रासकट. मी पोहायचे दोन चष्मे आणले आणि एका ताटलीत खडूची पूड घेतली. दोघांनी चष्मे लावले, दोघांनी अंगठे पुडीत बुडवले. मी त्याच्या छातीवर बसणार, तो खाली पाठीवर. काचेवर पांढरा ठसा उमटला की तो डोळा गेला. वेळ एक मिनिट.

सुरुवात होताच त्याने दोन्ही हात ताणून माझ्या तोंडाकडे नेले. मी नुसता ताठ बसलो. त्याची बोटं माझ्या हनुवटीशी येऊन संपली. मी त्याच्या मनगटांच्या मधून हात खाली सोडले आणि अंगठे काचांवर टेकवले. त्याचं डोकं मॅटला टेकलेलं, मागे जायला जागाच नाही. मग तो तोंड वाचवायला डावी-उजवी मान फिरवू लागला, आणि शेवटी प्रत्येक नवखा करतो तेच त्याने केलं: पालथा झाला. म्हणजे पाठ दिली. पाठीवर कब्जा मिळाला की मागून गळा आयताच सापडतो.

मिनिट संपल्यावर चष्मे काढून बघितले. माझ्या गालावर एक फराटा, कानाच्या पाळीवर एक, मानेवर एक ओरखडा. त्याच्या दोन्ही काचा पांढऱ्याफटक. तरी गडी म्हणतो, "पण सर, मी खरंच जोरात केलं असतं तर?"

म्हटलं, "मीही केलं असतं की."

सगळी गोम इथेच आहे. नियम गेले की ते दोघांसाठी जातात. आणि मग घाणेरडा डाव ज्याची जागा चांगली त्याच्या मालकीचा होतो. वरच्याला मान मागे घ्यायला सगळं आभाळ मोकळं, खालच्याच्या डोक्यामागे जमीन. खालच्याने डोळ्याकडे हात ताणला की कोपर बरगडीपासून सुटतं, आणि सुटलेलं कोपर म्हणजे वरच्याला आयता मिळालेला हात. चावायचं म्हटलं तरी तोंडाला काहीतरी सापडावं लागतं, आणि बोट मोडायला आधी मनगट धरता यावं लागतं. धरणं म्हणजेच पकड!

हे सगळं लोकांसमोर होऊनही गेलं आहे. १२ नोव्हेंबर १९९३ ला अमेरिकेत डेन्व्हरमध्ये पहिली यूएफसी ही मोकळ्या झुंजींची स्पर्धा झाली. तिच्यात चावणं आणि डोळ्यात बोट घालणं एवढं सोडून जवळजवळ सगळं चालत होतं. अंतिम लढतीत जेरार्ड गोर्डो नावाच्या उंच डच लढवय्याने ब्राझीलच्या हॉइस ग्रेसी या पकडीच्या गड्याचा कान चावला. ग्रेसीने पकड सोडली नाही, मागून गळा आवळला आणि लढत तिथेच संपली. पुढच्याच वर्षी चौथ्या यूएफसीत जांघेत मारायला मुभा होती. कीथ हॅकनीने प्रतिस्पर्ध्याच्या जांघेत एकामागून एक ठोसे लगावले. हे ठोसे मारणारा वर होता, खाणारा खाली. आणि एवढं करूनही लढत संपली ती गळा दाबल्यावर.

तिसरा प्रसंग मी हसत सांगत नाही. एप्रिल १९९५, तोक्योतली अशीच मोकळ्या झुंजींची स्पर्धा. तोच गोर्डो, आणि समोर त्याच्यापेक्षा कितीतरी हलका युकी नाकाई. गोर्डोने नियम मोडून नाकाईच्या डोळ्यात अंगठा घातला. नाकाई थांबला नाही. चौथ्या फेरीत त्याने गोर्डोची टाच पिरगाळून त्याला हार मानायला लावली. त्याच रात्री, एका डोळ्याने, तो आणखी एक लढत जिंकला आणि अंतिम फेरीत हॉइसचा भाऊ हिक्सन ग्रेसी याच्याकडून हरला. उजव्या डोळ्याची दृष्टी मात्र परत आली नाही ती नाहीच. म्हणजे डोळ्यात बोट घातलं की माणूस थांबतो, हे खोटं. डोळ्यात बोट घातल्याने काही होत नाही, हेही तितकंच खोटं. इजा जन्मभराची झाली, पण झटापट एका सेकंदानेही लवकर थांबली नाही. रस्त्यावर याहून वाईट सौदा मला माहीत नाही.

मी स्वतः खालून डोळ्याकडे हात नेतच नाही. कोपरं बरगड्यांना चिकटलेली, एक हात त्याच्या कमरेच्या हाडावर, आणि कुशीवर वळून सरकणं. आधी जागा. बोटांचा उपयोग मला उभ्याने वाटतो: चार बोटं सैल ठेवून तोंडावर झटका दिला की कुणीही डोळे मिटतो आणि मान मागे टाकतो. तेवढा क्षण निसटायला पुरतो. मी त्याच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवतो.

जांघेतली लाथ

लागते तेव्हा लागते. पण माणूस ती जागा लहानपणापासून राखत आलेला असतो, मांड्या आपोआप मिटतात. संतापलेल्याला दुखणं उशिराही कळतं. आणि लागलीच तर तो पुढे वाकतो, म्हणजे तुमच्याच अंगावर कोसळतो आणि कोसळताना धरतो. धरल्यावर काय करायचं ते येत नसेल तर लाथ सुरेख बसूनही तुम्ही खाली.

हवेतला सराव

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी झुंजकलेतले जीवघेणे प्रकार त्यांनी मोकळ्या झुंजीतून बाजूला काढून ठरीव सरावात ठेवले. उतावळ्यांना यात भित्रेपणा दिसतो. पण परिणाम उलटा झाला: जे डाव उरले ते खऱ्या जोराने, खऱ्या विरोधात, रोज मारता येऊ लागले. डोळा फोडायचा सराव पूर्ण जोराने करताच येत नाही, साथीदार किती आणणार? म्हणून तो हवेत होतो, उभ्या पुतळ्यावर होतो, किंवा हात खाली सोडून शहाण्यासारखा उभा राहिलेल्या मित्रावर होतो. शंभर वेळा खऱ्या अंगावर मारलेला साधा पट हवेत मारलेल्या हजार प्राणघातक बोटांना भारी पडतो. चष्मा आणि खडू घ्या, स्वतः करून बघा. माझ्यावर विश्वास ठेवू नका.

मॅटवाल्यांची चूक: जमिनीवर मुक्काम ठोकणं

आता आमच्या लोकांची पाळी. ही चूक मी दुसऱ्याच्या नावावर खपवणार नाही, ती माझी आहे.

विशीतली गोष्ट. वाद काय होता ते सांगण्यासारखंही नाही. एकाने छातीवर धक्का दिला, दुसऱ्यांदा द्यायला हात उचलला, आणि मी त्याच्या काखेखालून आत शिरून दुहेरी, म्हणजे दोन्ही पायांचा, पट काढला. असा पट आयुष्यात चार-दोनदाच बसतो. तो पाठीवर, मी वर, त्याच्या तोंडातून हवा गेल्याचा आवाज. मला आजही आठवतं, मी त्याचा डावा हात घ्यावा की उजवा याचा विचार करत होतो. इतका निवांत होतो! त्याच्यासोबत एक मित्र होता. तोवर तो बिचारा "जाऊ दे, जाऊ दे" म्हणत दोघांच्या मध्ये पडत होता. त्याच मित्राने माझ्या बरगडीत बुटाची लाथ घातली. मी ती येताना बघितली नाही, कारण मी हात निवडत होतो.

दोन बरगड्या गेल्या. दीड महिना शिंक आली की डोळ्यांत पाणी. गुडघ्याचं कातडं तर पट काढतानाच गेलं होतं; मॅटवर गुडघा टेकवून आत शिरायची सवय, खाली मॅट नव्हता हे गुडघ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आखाड्यात दुसरा माणूस मध्ये येत नाही. दगड नसतो, भिंतीचा कोपरा नसतो, समोरच्याच्या कमरेला काही खोचलेलं नसतं. या चार गोष्टी वजा करून आम्ही वर्षानुवर्षं सराव करतो आणि मग रस्त्यावर जाऊन टाच पिरगाळायला स्वतःहून खाली बसतो. घाणेरड्या डावांची माणसं आम्हाला हसतात ती इथे, आणि बरोबर हसतात. खाली बसून दोन्ही हातांनी त्याचा पाय धरलात तर त्याचा दुसरा पाय मोकळा आहे, आणि तुमचं तोंड त्याच्या टप्प्यात आहे.

माझ्याकडे आता तीन श्वासांचा हिशेब आहे. खाली पाडलं, वर आलो, तीन श्वासांत काम झालं नाही तर उभा राहतो. पूर्ण अंग टाकून झोपत नाही, एक गुडघा त्याच्या पोटावर, दुसरा पाय उभा, नजर वर. सरावाच्या शेवटी प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा उठायला लावतो: एक हात मागे जमिनीवर, दुसरा तोंडापुढे, आणि पाय बुडाखालून मागे ओढून उभं राहणं. याचा सगळ्यांना कंटाळा येतो. गळा आवळण्याचे अकरा प्रकार शिकायला सगळे हजर, उठायला शिकताना निम्मे पाणी प्यायला जातात. म्हणून मी एकाच्या हातात गुंडाळलेलं वर्तमानपत्र देतो आणि झुंज चालू असताना मॅटभोवती फिरवतो. जो वीस सेकंदांत एकदाही मान वर करत नाही त्याच्या पाठीत तो फटका घालतो. दोन आठवड्यांत माना वर होतात.

आणि हात मोजा. मिठी पडली की त्याचे दोन्ही हात कुठे आहेत ते कळलं पाहिजे. एक हात दिसेनासा होऊन कमरेकडे किंवा खिशाकडे गेला तर बाकी सगळं सोडा आणि तो हात धरा, नाहीतर ढकलून लांब व्हा. चाकू बहुतेकदा आधी दाखवला जात नाही, तो झटापट सुरू झाल्यावर निघतो.

कुणावर काय वापरतोय याचा विचार न करणं

लग्नाच्या गडबडीत पिऊन अंगावर आलेला मेहुणा आणि अंधारात ओढून नेणारा अनोळखी माणूस यांना एकच औषध लागू नाही. पकड कमी-जास्त करता येते: नुसतं धरून ठेवा, खाली बसवा, फारच झालं तर हात पिरगाळा. डोळ्याला अधलीमधली पायरी नाही. मेहुणा सकाळी माफी मागेल, पण डोळा गेला असेल तर काय करणार? न्यायाधीशही पहिला प्रश्न हाच विचारणार, की एवढं करायची गरज होती का. उलट, दुप्पट वजनाचा माणूस जिवावर उठला असेल तर चावा, ओरबाडा, बोटं मोडा, सगळं करा. फक्त त्याच वेळी अंग सोडवून घ्या. नुसतं चावत पडून राहू नका.

उरलेल्या, फार न बोलता

बंद मुठीने डोक्यावर मारू नका. कवटी जिंकते आणि करंगळीखालचं हाड मोडतं, त्यापेक्षा तळहाताची टाच बरी. मुठीला समोरच्याचा दात लागून कातडी फाटली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा, ती जखम दिसते बारीक आणि सांध्यापर्यंत चिघळते. चावल्यावर तोंडात रक्त आलं असेल तरी जा. किल्ल्या बोटांच्या फटीत धरण्याची युक्ती विसरा, पहिल्या ठोशाला त्या तुमच्याच बोटांत फिरतात. मिरचीचा फवारा पिशवीच्या तळाशी असेल तर तो नाही असं समजा. उभ्याउभ्या त्याची मान बगलेत धरून फिरू नका, त्याचे दोन्ही हात मोकळे असतात आणि नेमके तुमच्या जांघेशी असतात.

गळ्याबद्दल मात्र नीट ऐका. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या गेल्या तर माणूस साधारण दहा सेकंदांत, कधी त्याहूनही लवकर, शुद्ध हरपतो. अंग सैल पडलं की त्या क्षणी सोडायचं. "नाटक करत असेल" म्हणून आणखी आवळणारे मी बघितले आहेत, आणि त्यांना पुन्हा मॅटवर घेतलेलं नाही. सोडा, लांब व्हा, बघा.

आणि सुटलात की निघा. तो उठतोय का, काय बोलतोय, चप्पल कुठे पडली, काही बघू नका. उजेडात, माणसांत पोचलात की उभं राहून दोन्ही हात स्वतःच्या अंगावरून फिरवा: मान, काखा, पोट, पाठीचा पोचेल तेवढा भाग, मांड्यांची आतली बाजू. मग तळहात बघा. भोसकलेलं त्या वेळी पुष्कळदा ठोशासारखंच वाटतं. तळहात ओले असतील तर ज्या जागी ओलं लागलं तिथे कापड घट्ट दाबून धरा आणि जवळच्याला हाक मारा.