गाडी एका बाजूने टायर खाते आहे? अलाइनमेंटच्या आधी काय तपासायचं, नंतर काय मागायचं

टायरची बाहेरची कड येताजाता दिसते, आतली मडगार्डमागे लपलेली असते. झीज आतल्या कडेला सुरू झाली, तर टायरमधल्या तारा डोकावेपर्यंत मालकाला पत्ता लागत नाही. घोडबंदर रोडवरून गायमुख घाट रोज ओलांडणाऱ्या किंवा उरणकडे कंटेनरच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीने पावसाळ्यात बरेच खड्डे खाल्लेले असतात. अशा गाडीची पुढची तपासणी पावसाळा सरताच करा, एरवी दर ५,००० किमीला. आणि क्रम मोडू नका, कारण हवा कमी असताना किंवा बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातलं रबर) सैल असताना केलेलं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, वाया जातं.

आधी टायर नीट बघा

सपाट जागी गाडी उभी करा, हँडब्रेक ओढा आणि स्टीयरिंग एकदा पूर्ण उजवीकडे, एकदा पूर्ण डावीकडे वळवा. पुढच्या टायरचा सगळा पट्टा उघडा पडतो. मागच्या टायरांसाठी मोबाइल खाली धरून फोटो काढा. ट्रेड डेप्थ गेजने प्रत्येक टायरवर आत, मध्ये आणि बाहेर अशा तीन ठिकाणी खाचेची खोली मोजून लिहून ठेवा. नव्या टायरची खोली साधारण ७ ते ८ मिमी असते, कायद्याची मर्यादा १.६ मिमी. पण पावसात ३ मिमीच्या खाली गेलेला टायर पाणी नीट कापत नाही. तो जूनच्या आधीच बदला. तीन आकड्यांत १ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर कारण शोधायलाच हवं.

दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी पडत होती. मध्य झिजला तर हवा जास्त होती. एकच कड सरळ, गुळगुळीत झिजली असेल तर संशय कँबरवर, म्हणजे चाकाच्या उभ्या कलण्यावर. तळहात पट्ट्यावरून आडवा फिरवा: एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचलं तर टो बिघडलेला आहे, म्हणजे चाकांची तोंडं वरून पाहता आत किंवा बाहेर वळलेली आहेत. थोड्या थोड्या अंतरावर खळगे पडले असतील तर शॉकअप थकलेला असतो किंवा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाभोवतीच्या वजनाचा समतोल, गेलेलं असतं. अलाइनमेंटने हे खळगे थांबत नाहीत.

टायर सर्वांत जास्त टोमुळे जातात. दोन्ही चाकं मिळून फक्त अर्ध्या अंशाची चूक धरा, म्हणजे प्रत्येकी पाव अंश. तेवढ्यानेही प्रत्येक चाक दर किलोमीटरला सुमारे ४.४ मीटर आडवं घासलं जातं. स्टीयरिंग हातात ठीक लागतं, गाडी सरळ जाते आणि रबर मात्र उडत राहतं. म्हणून ‘गाडी ओढत नाही, मग अलाइनमेंट कशाला’ हा हिशोब चुकीचा आहे.

हवा

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो. त्यावरचा आकडा खरा, टायरवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा. हवा टायर थंड असताना तपासा, म्हणजे गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नको. ठाण्याहून वाशीला पोचल्यावर मोजलीत तर आकडा ३-४ पीएसआयने जास्त दिसेल. तेव्हा हवा काढू नका. सीएनजी गाडीत मागे सिलिंडरचं वजन कायमचं असतं, त्यामुळे मागच्या टायरांना भरलेल्या गाडीचा आकडा ठेवा. नायट्रोजन भरला असला तरी दर १५ दिवसांनी तपासणी हवीच.

प्ले आणि उंची

मागच्या चाकांना विटा लावा, पुढचं चाक जॅकवर उचला, गाडीखाली शिरू नका. चाक वर-खाली धरून हलवा: खडखड झाली तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. डावी-उजवीकडे धरून हलवताना प्ले (ढिलेपणा) आला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड, म्हणजे स्टीयरिंगपासून चाक वळवणाऱ्या दांड्याचे सांधे. लोअर आर्मचं फाटलेलं बुश मात्र गॅरेजमध्ये रॉडने दाबूनच कळतं. मग गाडी खाली सोडून, थोडी मागेपुढे हलवून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंतची उंची दोन्ही बाजूंना मोजा. सेंटिमीटरभराहून जास्त फरक म्हणजे स्प्रिंग बसली किंवा तुटली असण्याची शक्यता. कँबर तिथूनच बिघडतो. सैल किंवा मोडलेले भाग आधी बदला.

ओढ आणि थरथर

सकाळी रस्ता मोकळा असताना पाम बीचसारख्या सरळ रस्त्यावर स्टीयरिंग हलक्या हाताने धरून बघा. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता बाजूला उतरता असतो, त्यामुळे डावीकडे किंचित ओढ चालते. ओढ जास्त असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदला (पट्ट्यावर दिशेचा बाण नसेल तरच). ओढ उलटली तर दोष टायरचा आहे. ताशी ८० किमीच्या पुढे स्टीयरिंग थरथरत असेल तर ते काम बॅलन्सिंगचं.

अलाइनमेंटच्या वेळी

दुकानदाराने आधी चारही टायरांची हवा स्टिकरप्रमाणे केली पाहिजे, चारही चाकांवर सेन्सर किंवा टार्गेट लावले पाहिजेत, गाडी पुढे-मागे ढकलून रिमचा वाकडेपणा मोजमापातून वगळला पाहिजे आणि स्टीयरिंग मध्यावर लॉक केलं पाहिजे. मग टाय रॉडचे लॉक नट सोडून दोन्ही बाजूंनी सारखं फिरवतात. एकाच बाजूने फिरवलं तर टो जुळतो, पण सरळ जाताना स्टीयरिंग तिरकं राहतं. नट आवळताना आकडा सरकतो, म्हणून आवळल्यानंतरचा रीडिंगच खरा.

आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही रिपोर्ट छापून मागा. एककाकडे लक्ष ठेवा: ०.१० अंश म्हणजे ६ मिनिटं, तर ०°१०′ म्हणजे १० मिनिटं. कंपनीची मर्यादा रिपोर्टवरच असते. दोन्ही बाजूंचे आकडे त्यात आणि एकमेकांजवळ असावेत. बहुतेक हॅचबॅकमध्ये पुढचा फक्त टो फिरवता येतो. मागचा टॉर्शन बीम (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा बीम) आणि पुढचा कँबर यांना जागेवर सेटिंगच नसतं. आकडा बाहेर असूनही कोणी ‘जॅकने ओढून देतो’ म्हणालं तर नकार द्या. स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा जोड) किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकली असेल तर ती बदलायची असते. जोर लावून वाकवलेली पुन्हा फिरते. इलेक्ट्रिक स्टीयरिंगच्या गाडीत काम झाल्यावर स्टीयरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणून घ्या, नाहीतर डॅशबोर्डवर दिवा लागू शकतो.

रोटेशन

अलाइनमेंट झाल्यावर, आणि पुढे दर ८,००० ते १०,००० किमीला टायर फिरवा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचे टायर सरळ मागे आणि मागचे तिरके पुढे. बाणाचे टायर असतील तर त्याच बाजूला फक्त पुढे-मागे. करवती झालेला टायर मागे गेल्यावर घुमल्यासारखा आवाज करतो आणि अनेकजण बेअरिंग बदलून बसतात. आधी टायर तपासा. दोनच नवे टायर घेत असाल तर ते मागे बसवा, म्हणजे ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी सटकत नाही.

तारा दिसत असलेल्या टायरवर गाडी काढू नका. स्टेपनी लावून दुकान गाठा. अलाइनमेंटच्या दिवशीचं ओडोमीटर रिपोर्टवर लिहा आणि १,००० किमीनंतर खाचेच्या खोलीचे तेच तीन आकडे पुन्हा मोजा. मागच्या टायरांत फरक वाढत असेल तर मागचा ॲक्सल वाकला आहे का ते तपासून घ्या.