जुन्या कॅसेट आणि रेकॉर्ड कॉम्प्युटरवर घेताना या चुका टाळा

सोलापुरात माळ्यावरच्या कॅसेटींचा खरा वैरी ऊन. वर पत्रा आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या पुढे. कॅसेटच्या तोंडाशी धातूच्या बारीक पट्टीवर स्पंजचा किंवा फेल्टचा इवलासा तुकडा चिकटवलेला असतो. टेप हेडवर, म्हणजे प्लेयरमधल्या टेप वाचणाऱ्या भागावर, दाबून धरणं हे त्याचं काम. वर्षानुवर्षांच्या उन्हानं डिंक सुकतो, तुकडा गळतो आणि भजन घोंगड्याआडून म्हटल्यासारखं येतं. मग लोक सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल वाढवत बसतात. काही होत नाही, फक्त खरखर वाढते. स्क्रूची कॅसेट असेल तर उघडा आणि दोन्ही रिळं दुसऱ्या चांगल्या खोक्यात बसवा.

तुकडा जागेवर असूनही आवाज दबकाच असेल, तर हेडचा कोन तपासा. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेला छोटा स्क्रू असतो. आवाज मोनोवर (डावा-उजवा एकत्र) ठेवून, टेप चालू असताना तो किंचित फिरवा. ‘स’ आणि झांजा जिथं सर्वांत स्वच्छ वाजतील तिथं थांबा. त्याआधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या. तेच अल्कोहोल ७८ आरपीएमच्या लाखेच्या तबकडीला मात्र चुकूनही लावू नका, लाख विरघळते. या तबकड्यांना सुईही जाड लागते; एलपीची सुई खाचेच्या तळाशी घासत जाते.

लॅपटॉपचं माइकचं भोक बहुधा मोनो असतं, शिवाय टेपचा दणकट सिग्नल त्याला झेपत नाही. लाइन-इन, म्हणजे डेक-अ‍ॅम्प्लिफायरचा सिग्नल घेणारं भोक, असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. स्वस्तातल्या काही कार्डांवरही फक्त माइकच असतो, तेव्हा बघून घ्या. टर्नटेबलला फोनो प्रीअँप (सुईचा क्षीण सिग्नल वाढवून बास भरून काढणारा डबा) हवाच, नाहीतर बास गायब. अ‍ॅम्प्लिफायरच्या टेप-आउटमधून घेत असाल तर वेगळा नको.

ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. थेट एमपी३ करू नका. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये तासाभराची कॅसेट साधारण १ जीबी होते, आजकाल ते काहीच नाही. खरखर काढायची ती प्रतीवर, मूळ फाइलवर नाही.

घूंघूं येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. सोलापूरच्या पूर्व भागात शेजारी यंत्रमाग चालू असेल तर रेकॉर्ड लावूच नका. धडधड जमिनीतून सुईपर्यंत पोचते.

आणि कॅसेट डेकमध्ये घालण्याआधी मागच्या कडेची दोन्ही प्लास्टिकची पानं मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी ते खाली जात नाही.