फळबागेतील मजुरांचे नियोजन: हंगामाआधी करायचे हिशेब

फळबाग किंवा रोपवाटिका चालवणारे चार जण एकत्र आले की बोलणे हमखास मजुरांवर येते आणि ‘माणसेच मिळत नाहीत’ या वाक्यावर संपते. तक्रार खोटी नाही. परंतु नेमकी किती माणसे, कोणत्या आठवड्यात आणि किती दिवस हवी होती, असे विचारल्यास बहुतेकांना आकडा सांगता येत नाही. बागेतले काम वर्षभर सारखे विभागलेले नसते. छाटणी, विरळणी (जास्तीची कोवळी फळे काढून टाकणे) आणि तोडणीचे मोजके आठवडे वर्षभरातील मजुरीचा मोठा वाटा घेऊन जातात, आणि तयार झालेले फळ माणसांची वाट पाहत झाडावर थांबत नाही. म्हणून माणसे शोधण्याआधी काम मोजावे, आणि तेही हंगामाच्या निदान दोन महिने आधी.

मोजण्याची रीत साधी आहे. मध्यम वेगाच्या मजुराला दहा झाडांवर काम करू द्यावे, घड्याळ लावावे आणि एका झाडाला लागणारा वेळ काढावा. सर्वांत चपळ माणसाचा वेळ धरला, तर पुढचा सगळा हिशेब फसतो. समजा, २,००० झाडांची विरळणी करायची आहे आणि दर झाडाला २० मिनिटे लागतात. एकूण ४०,००० मिनिटे, म्हणजे सुमारे ६६७ तास झाले. आठ तासांच्या दिवसात प्रत्यक्ष काम सात तासच होते असे धरल्यास ९५ मजूर-दिवस लागतात, आणि काम १२ दिवसांत उरकायचे असेल तर आठ माणसे पुरतात. हा आकडा मात्र कोरड्या हवामानाचा आहे. पावसाने दोन दिवस घेतले तर दहा माणसे लागतात, आणि रोज एखादा गैरहजर राहणारच असे गृहीत धरले तर अकरा जणांशी बोलून ठेवावे लागते. मुकादमाला ‘आठ-दहा जण पाठवा’ असे मोघम सांगण्याऐवजी तारीख, दिवस आणि माणसे पक्की सांगितली, तर त्यालाही आपल्या टोळीची कामे एकापाठोपाठ लावता येतात आणि तो शब्द पाळण्याची शक्यता वाढते.

ते १२ दिवस कोठून आले, हेही माहीत हवे. सफरचंदात फळे लहान असतानाच पुढील वर्षाच्या फुलकळ्या घडू लागतात, आणि वाढत्या फळांतील बियांमधून तयार होणारी जिबरेलिन्स ही संप्रेरके त्या घडणीला अडथळा करतात. विरळणी उशिरा झाली, तर राहिलेली फळे थोडीफार पोसतात, पण पुढच्या वर्षीचा बहर हुकतो. तण काढणे, आधाराच्या तारा ताणणे, क्रेट दुरुस्त करणे अशी कामे मात्र आठवडाभर पुढे गेली तरी सहसा मोठे बिघडत नाही. कामांची अशी विभागणी करून लवचीक कामे हंगामाच्या बाहेर ढकलली, की तेवढेच हात मोकळे होतात.

यानंतर एका ओळीच्या टोकाला तासभर नुसते उभे राहून पाहावे. मी पहिल्यांदा असे उभा राहिलो, तेव्हा तोडणाऱ्यांचा बराच वेळ भरलेला क्रेट रस्त्यापर्यंत नेण्यात आणि रिकामा आणण्यात जात असल्याचे दिसले. रिकामे क्रेट आदल्या संध्याकाळीच ओळीत मांडून ठेवल्यावर माणसे न वाढवता तोडणी वाढली. शिडीचेही तसेच आहे: ती उचलून हलवण्यात वेळ जातो आणि पडण्याचा धोका वेगळाच. नवी लागवड करणाऱ्याने म्हणूनच खुंट, म्हणजे ज्या मुळावरच्या रोपावर कलम बांधतात ते, निवडताना मजुरीचा विचार करावा. इंग्लंडमधील ईस्ट मॉलिंग येथे वर्गीकृत झालेल्या एम ९ सारख्या खुंटावर सफरचंदाचे झाड बुटके राहते आणि बरेचसे काम जमिनीवरून होते; मात्र त्याची मुळे झाडाला पुरेशी तोलून धरत नसल्यामुळे खांब आणि तारांचा खर्च आधीच करावा लागतो.

मजुरी रोजंदारीवर द्यावी की उक्ती, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. उक्त्या कामात वेग येतो, पण घाईत फळ तळहाताऐवजी अंगठ्याने धरले जाते. त्या दाबाचा डाग तोडताना दिसत नाही, तो दोन-तीन दिवसांनी, माल खरेदीदाराच्या हाती गेल्यावर तपकिरी होऊन समोर येतो. माझे मत असे, की नाजूक फळाची तोडणी रोजंदारीवर ठेवून चांगल्या क्रेटमागे थोडी वाढ द्यावी, आणि दर क्रेटच्या वरचीच नव्हे तर तळाचीही पाच फळे तपासावीत. उक्त्या कामातही, जिथे किमान वेतनाचा कायदा लागू आहे, तिथे तासाची कमाई त्याखाली जात नाही ना, हे हजेरीपत्रकावरून पडताळावे.

फवारणीनंतर किती वेळ बागेत जाऊ नये आणि तोडणीआधी किती दिवस फवारणी बंद ठेवावी, ही दोन वेगळी बंधने आहेत. दोन्ही औषधाच्या लेबलवर असतात आणि कामाचे वेळापत्रक त्यांना धरूनच आखावे लागते. उन्हाळ्यात पिण्याचे पाणी ओळीजवळच ठेवावे, कारण ते दूर असले की माणसे पिण्याचे टाळतात.

धंद्याच्या बाजूने सर्वांत जाचक गोष्ट ही, की खर्च बारा महिने होतो आणि पैसा काही आठवड्यांतच येतो. पुढील वर्षाचा महिन्यागणिक खर्च मांडून सर्वांत तंगीचा महिना आधीच हेरावा, आणि कर्ज लागणार असेल तर त्याची बोलणी हाती पैसा असतानाच करावीत. हिशेब अख्ख्या बागेचा एकत्र न ठेवता प्रत्येक तुकड्याचा वेगळा ठेवावा, आणि त्यात घरच्या माणसांच्या श्रमाचीही मजुरी लावावी. ती न लावल्यामुळे तोट्यातला तुकडा वर्षानुवर्षे नफ्यात दिसत राहतो. लवकर, मध्यम आणि उशिरा पिकणारे वाण मिळून लावले, तर तीच टोळी जास्त दिवस कामावर राहते, आणि सलग काम मिळणारी टोळी पुढल्या वर्षी आपणहून विचारायला येते.

तोडणी संपल्यावर आठवड्याच्या आत मुकादमाबरोबर बसून प्रत्येक कामाला झाडामागे लागलेली मिनिटे वहीत उतरवावीत. महिन्याभरानंतर ती कोणालाच नीट आठवत नाहीत.