नाशिकहून मुंबईला जाताना कुत्र्याच्या खर्चाचा हिशेब कसा मांडावा

नोकरी मुंबईत लागलीय, अंधेरी-ठाण्याकडे भाड्याचं घर बघायचंय आणि सिडकोतल्या घरी चार-पाच वर्षांचा कुत्रा आहे. नाशकात अशी घरं आता कमी नाहीत. त्याला सोबत नेणं परवडेल का, हे बहुतेक जण खाद्याच्या पिशवीवरून ठरवतात. पण पिशवीवर छापलेली किंमत कॉलेज रोडला जी, तीच अंधेरीला. मुंबईत महाग पडते ती जागा, आणि जे काम इथे घरचं कुणीतरी फुकट करतं ते. म्हणून हिशेब त्याच क्रमाने मांडा.

आधी घर. एजंटला पहिल्याच फोनवर कुत्र्याबद्दल सांगा, टोकन दिल्यावर नाही. लिव्ह अँड लायसन्स करारात ‘पाळीव कुत्रा ठेवण्यास परवानगी’ हे वाक्य लिहून घ्या. घरमालक तोंडी ‘हो’ म्हणतो आणि शेजाऱ्याची पहिली तक्रार आली की विसरतो. करार बहुधा ११ महिन्यांचा असतो आणि दलाली साधारण एका महिन्याच्या भाड्याएवढी. भाडं ४० हजार धरलं आणि कुत्र्यापायी दर ११ महिन्यांनी घर बदलावं लागलं, तर नुसती दलालीच महिन्याला साडेतीन हजारांच्या वर जाते, टेम्पो-हमाली वेगळी. हा आकडा कुत्र्याच्या रकान्यात टाका. सोसायटीची मात्र फार धास्ती नको. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, की लिफ्टचे वेगळे पैसे मागता येत नाहीत. सेक्रेटरीशी कागद दाखवून बोलता येतं. घरमालकाला घर द्यायचंच नसेल तर कागदाचा उपयोग नाही.

मग माणसं. हीच रक्कम सगळ्यात जास्त फुगते. नाशकात सकाळी बाबा त्याला फिरवून आणतात, दुपारी आई घरात असते. मुंबईत तुम्ही सकाळची लोकल पकडणार आणि दिवेलागणीनंतर परतणार. म्हणजे दोन वेळा फिरवणारा माणूस आला. ज्या भागात घर बघताय तिथल्या दोघा-तिघांना दर विचारा, आणि सोबत हेही विचारा: रविवारी येणार का, सुट्टीचे पैसे कापणार का, एका वेळी किती कुत्री नेतो? चार-पाच पट्टे एका हातात धरून निघणारा स्वस्त पडतो, पण अंगणात एकट्याने वाढलेल्या कुत्र्याला तो झेपत नाही.

दिवाळी-गणपतीला घरी यायचं, तेव्हाचाही खर्च आत्ताच धरा. पंचवटी एक्सप्रेसच्या चेअर कारमध्ये कुत्रा नेता येत नाही. रेल्वेच्या नियमानुसार फर्स्ट एसीचा आख्खा कूपे (दोन बर्थची बंद खोली) किंवा केबिन (चार बर्थची) आरक्षित असेल तरच तो तुमच्यासोबत; नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. माझं मत विचाराल तर एप्रिल-मे महिन्यात त्या पेटीत कुत्रा घालूच नये. म्हणजे कसारा घाटातून गाडी करून येणं, किंवा मुंबईतच बोर्डिंग. बोर्डिंग सणाच्या बरंच आधी भरतं. वर्षातल्या फेऱ्या मोजा, त्याला गाडीच्या जाण्यायेण्याच्या भाड्याने गुणा आणि बारा महिन्यांवर वाटा.

निघण्याआधी काही कामं इथेच उरकून घ्या. ओळखीचा डॉक्टर आहे, टाके सुकेपर्यंत बघायला घरात माणसं आहेत. नसबंदी राहिली असेल तर ती आताच. मादीची नसबंदी झाली नसेल तर पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, आणि तेव्हाचं तातडीचं ऑपरेशन साध्या नसबंदीपेक्षा कितीतरी महाग पडतं. रेबीजची लस आणि लेप्टोसह (लेप्टोस्पायरोसिस) येणारी एकत्रित लस देऊन घ्या, शक्यतो पावसाळ्याआधी. लसीकरणाचं पुस्तक उघडून बघा: बाटलीचं स्टिकर चिकटवलेलं, शेजारी तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांकाचा शिक्का. नुसतं पेनाने ‘एआरव्ही’ (म्हणजे रेबीजची लस) खरडलेलं असेल तर परत जाऊन शिक्का मारून आणा. महापालिकेचा कुत्रा परवाना काढताना रेबीज लसीचा दाखला लागतो.

खाद्याचं गणित सोपं आहे. नसबंदी झालेल्या २० किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला हजार कॅलरीच्या आसपास पुरतात. कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ३५० कॅलरी धरल्या तर रोज ३०० ग्रॅम, महिन्याला ९ किलो. त्याला किलोच्या भावाने गुणा, झालं. घरचा चिकन-भात स्वस्त पडू शकतो, पण तो शिजवणार कोण, हा प्रश्न पुन्हा माणसांच्या रकान्यात जातो. नाशिकहून घरच्यांनी पाठवलेली द्राक्षांची पेटी आणि कांद्यांची पिशवी मात्र उंचावर ठेवा. द्राक्षं-मनुके कुत्र्याच्या किडन्या निकामी करू शकतात आणि कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या गावाची दोन्ही भूषणं त्याला विषच.

दमट हवेचा रकाना नाशिककर हमखास विसरतात. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यातले केस ओलेच राहतात, मग आंबूस वास, चाटणं आणि बुरशी. टॉवेल, ड्रायर, गोचिडांचं औषध धरा. तुंबलेल्या पाण्यातून त्याला नेऊच नका. उंदरांच्या लघवीतून लेप्टो तिथेच मिळतो. हस्कीसारखा दाट केसांचा, थंड हवेतला कुत्रा असेल तर एसीचं बिलही त्याच्याच नावावर.

आजारपणासाठी दरमहा ठरावीक रक्कम वेगळ्या खात्यात टाका. विमा घेणार असाल तर वयाची अट आणि जुन्या आजारांबद्दलचं कलम आधी वाचा. परळचं बाई साकरबाई रुग्णालय आणि त्याच आवारातलं पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसंच २०२४ मध्ये महालक्ष्मीला सुरू झालेलं टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय यांचे पत्ते आणि वेळा फोनमध्ये ठेवा. घरापासून तिथवर जायला किती वेळ लागतो, तेही बघा.

आता सगळे रकाने जोडा आणि पगारातून घरभाडं वजा करून जे उरतं त्याशेजारी ठेवा. जमत नसेल, किंवा कुत्रा दहा-बारा वर्षांचा असेल, तर त्याला नाशकातच ठेवण्यात गैर काही नाही. पण मग खाद्याचे आणि डॉक्टरचे पैसे दर महिन्याला घरी पाठवा. आई ‘राहू दे रे’ म्हणेल, तरी पाठवा.