नवा अभ्यासक्रम आणि अध्ययन रजा: व्यवस्थापन परिषदेत प्रस्ताव अडू नये म्हणून

व्यवस्थापन परिषद म्हणजे विद्यापीठाचे प्रशासकीय आणि आर्थिक निर्णय घेणारं मंडळ. तिची कार्यक्रमपत्रिका जाडजूड असते आणि एका विषयाच्या वाट्याला जेमतेम काही मिनिटं येतात. सदस्य जोडपत्रं उघडतीलच असं नाही, विषयाची थोडक्यात माहिती देणारी टिपणी मात्र वाचतात. त्यामुळे प्रस्ताव तरतो किंवा बुडतो तो बहुतेक वेळा बैठकीच्या आधीच, विभागाच्या टेबलावर.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे अभ्यासक्रमाच्या वाटा दोन आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. संलग्न महाविद्यालयाला नवा अभ्यासक्रम, विषय किंवा जादा तुकडी हवी असेल तर कलम १०९ लागतं. मूळ वेळापत्रकानुसार आदल्या वर्षीच्या सप्टेंबरअखेर कुलसचिवांकडे अर्ज, मग अधिष्ठाता मंडळाची (विद्याशाखाप्रमुखांच्या मंडळाची) छाननी, व्यवस्थापन परिषदेची मान्यता आणि नोव्हेंबरअखेर शासनाकडे शिफारस. अंतिम परवानगी शासनाची. परिषदेने मान्यता दिली म्हणून प्रवेशाची जाहिरात देणं म्हणजे संकटाला आमंत्रण. मागणी विद्यापीठाच्या बृहत आराखड्यात, म्हणजे कुठे कोणती महाविद्यालयं आणि अभ्यासक्रम हवेत याच्या दीर्घकालीन नियोजनात, बसत नसेल तर बाकीचे कागद कितीही चोख असोत, उपयोग नाही. तारखांसाठी त्या वर्षीचं परिपत्रक बघा. मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहू नका.

विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागातला अभ्यासक्रम वेगळ्या वाटेने जातो: विभागीय समिती, अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद आणि शेवटी व्यवस्थापन परिषद. अभ्यासक्रम शैक्षणिकदृष्ट्या योग्य आहे का, हे विद्या परिषदेपर्यंत ठरलेलं असतं. व्यवस्थापन परिषद विचारते ते पैसा, जागा, माणसं आणि नियम यांबद्दल. अभ्यासक्रमाची महती सांगणारी तीन पानं टिपणीत घालून शुल्काचा आकडा विसरणारे विभागप्रमुख काही कमी नाहीत.

टिपणीत पहिल्याच परिच्छेदात पदवीचं नेमकं नाव, कालावधी, प्रवेशक्षमता, पात्रता आणि कुठल्या शैक्षणिक वर्षापासून हे लिहा. पदवीचं नाव विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याच्या स्वतःच्या कायद्याच्या कलम २२ खाली अधिसूचित केलेल्या यादीतलंच हवं. आकर्षक नाव द्यायचा मोह झाला तर ते विषयाच्या विशेषीकरणात जाऊ द्या, पदवीत नको. श्रेयांकांची (क्रेडिट्सची) बेरीज स्वतः करून पाहा: राज्याच्या सध्याच्या आराखड्यात एका सत्राला २० ते २२, म्हणजे दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला ८० ते ८८. तासिकेचा एक श्रेयांक १५ तासांचा, प्रात्यक्षिकाचा ३० तासांचा. तक्त्यात चार सत्रांची बेरीज ८८ आणि मजकुरात ८४ असेल, तर प्रस्ताव मागे येणार हे धरूनच चाला. कायदा, अध्यापक शिक्षण, औषधनिर्माणशास्त्र अशा विषयांत त्या त्या नियामक संस्थेची मान्यता वेगळी लागते.

खरी अडचण पदांची. शासनाच्या पूर्वमान्यतेशिवाय विद्यापीठ नवी पदं निर्माण करू शकत नाही. 'दोन सहायक प्राध्यापक नव्याने नेमावेत' असं वाक्य टिपणीत असलं की विषय तिथेच थबकतो. त्याऐवजी सध्याच्या अध्यापकांचा कार्यभार, तासिका तत्त्वावरचे तास आणि त्यांचं मानधन, प्रयोगशाळेचा खर्च आणि शुल्कातून येणारी रक्कम असा तीन वर्षांचा हिशेब जोडा आणि वित्त व लेखा समितीतून आधी नेऊन आणा.

ठरावाचा मसुदा तुम्हीच द्या. 'चर्चा होऊन मान्यता देण्यात आली' एवढ्यावर पुढे परीक्षा विभाग काहीच करू शकत नाही. 'शैक्षणिक वर्ष अमुकपासून, अमुक प्रवेशक्षमतेचा, स्वयंअर्थसाहाय्यित तत्त्वावर, सोबत जोडलेल्या शुल्करचनेसह' असं असलं की काम पुढे सरकतं. परिषदेची पुढची बैठक लांब असेल तर विद्यापीठ अधिनियमाच्या कलम १२(७) खाली कुलगुरूंचा आदेश घेण्याची वाट आहे, पण ती खऱ्याखुऱ्या तातडीसाठी. आपणच फाइल दोन महिने दाबून ठेवायची आणि मग तातडी दाखवायची, हे सदस्यांच्या लगेच लक्षात येतं.

रजेकडे वळू. रजा मंजूर करणाऱ्या मंडळासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत 'कार्यकारी परिषद किंवा सिंडिकेट' असे शब्द आहेत. गोवा विद्यापीठात कार्यकारी परिषदच आहे. महाराष्ट्रात ते काम व्यवस्थापन परिषदेचं. महाविद्यालयीन अध्यापकाने मात्र आधी आपल्या संस्थेकडे जायचं, कारण नियुक्ती प्राधिकारी तीच.

अध्ययन रजेसाठी, म्हणजे पुढच्या अभ्यासासाठी किंवा संशोधनासाठी मिळणाऱ्या पगारी रजेसाठी, सहायक प्राध्यापकाची किमान तीन वर्षांची सलग सेवा हवी. आधी दोन वर्षं मिळतात; मार्गदर्शकाने प्रगती समाधानकारक असल्याचं कळवलं तर आणखी एक. परतायच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत निवृत्ती असेल तर रजा नाही. अर्जाला कामाचा पूर्ण आराखडा, प्रवेशपत्र आणि विभागप्रमुखांची शिफारस जोडा. शिफारशीत 'कार्यभाराची पर्यायी व्यवस्था केली आहे' एवढंच न लिहिता कुठला पेपर कोण शिकवणार हे नावानिशी द्या. परिषदेत पहिला प्रश्न हाच येतो.

मंजुरीनंतर बंधपत्र. परतल्यावर किमान तीन वर्षं सलग सेवेची हमी त्यात असते, आणि तारण म्हणून स्थावर मालमत्ता, बँक हमी किंवा दोन कायम अध्यापकांची जामीनकी चालते. जामीन राहणाऱ्या सहकाऱ्यांना रकमेचा आकडा आधी स्पष्ट सांगा. सेवा अर्धवट सोडली तर वसुली त्यांच्याही दारात येऊ शकते. दर सहा महिन्यांचा प्रगती अहवाल पुढच्या महिन्याभरात कुलसचिवांकडे पोचला पाहिजे, नाहीतर रजावेतन थांबवता येतं. मंजूर रजा १२ महिन्यांत सुरू केली नाही तर ती रद्द समजली जाते. संशोधनाचा विषय परस्पर बदलू नका, त्यालाही परवानगी लागते.

सॅबॅटिकलचा, म्हणजे ज्येष्ठ अध्यापकांना संशोधन-लेखनासाठी मिळणाऱ्या रजेचा, हिशेब निराळा: सहयोगी प्राध्यापक किंवा प्राध्यापक म्हणून सात वर्षं पूर्ण, एका वेळी एक वर्ष, संपूर्ण कारकिर्दीत दोन. अध्ययन रजेवरून परतल्यापासून पाच वर्षं झाल्याशिवाय अर्ज करू नये. या काळात शिष्यवृत्ती घेता येते, नियमित नोकरी नाही.

आणि परिषदेने होकार दिला हे कानावर आलं म्हणून विमानाचं तिकीट काढू नका. इतिवृत्त, त्यावरून निघालेला आस्थापना विभागाचा आदेश आणि कार्यमुक्तीचं पत्र, हे तिन्ही कागद हातात आल्यावरच निघा.