फोंताइन्हासच्या जुन्या भिंतीला चुन्याचाच गिलावा

पणजी 1843 साली गोव्याची राजधानी झाली. त्या शतकात इथे उभ्या राहिलेल्या घरांच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, आणि गिलावा चुन्याचा. आज फोंताइन्हास या पणजीतल्या जुन्या वस्तीत गुडघ्याएवढ्या उंचीवर पोपडे सुटलेली भिंत दिसली की बहुतेक वेळा तिथे मागच्या दुरुस्तीचे सिमेंट सापडते. चिरा जमिनीतली ओल वर ओढतो. चुन्यातून ती सुकून जाते, सिमेंटखाली कोंडते. ओलीबरोबर आलेले क्षार आत साठून फुलतात आणि गिलावा पडताना चिऱ्याचा दर्शनी थरही घेऊन जातो. भिंतीवरून हात फिरवल्यावर तळव्याला लाल भुकटी लागली, तर नुकसान दगडापर्यंत पोचले आहे.

आधी ओल कुठून येते ते शोधा. फुटके कौल, तुंबलेली पन्हळ, रस्ता उंच होऊन जोत्याला टेकलेली माती, यातले काही तसेच ठेवून गिलावा केला तर पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा सुटेल. हा भाग संवर्धन क्षेत्रात आहे, म्हणून दर्शनी भागाला हात लावण्याआधी महापालिका आणि नगर नियोजन कार्यालयात परवानगीची चौकशी करा.

काम पावसाळ्यानंतर भिंत सुकली की, साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सिमेंट छिन्नीने हलक्या हाताने काढा. ब्रेकर मशीन नको, चिरा फुटतो. सांधे इंचभर खरवडून साफ करा.

चुनकळी, म्हणजे भट्टीत भाजलेला कोरडा चुना, विरवताना पाण्यात चुनकळी टाकायची, चुनकळीवर पाणी कधीच ओतायचे नाही. उकळून अंगावर उडते. चष्मा आणि हातमोजे घाला. विरलेला चुना पाण्याखाली किमान तीन आठवडे ठेवा. घाईत वापरला तर न विरलेले कण नंतर भिंतीत फुलतात आणि गिलाव्यावर लहान खड्डे पडतात. मापाने 1 भाग चुना, 3 भाग धुतलेली नदीची वाळू. किनाऱ्यावरची वाळू अजिबात नको, तिच्यातले मीठ भिंतीतच राहते. मिश्रण इतके मळा की थापीला चिकटून राहील. सैल वाटले तरी पाणी वाढवण्याआधी अजून मळून बघा, जास्त पाण्याने तडे जातात.

भिंत भिजवून 10 ते 12 मिलिमीटरचा थर द्या. तो बोटाच्या दाबाने खचेनासा झाला की खरबरीत करा आणि किमान आठवडाभर ओले गोणपाट लावून ठेवा, मग दुसरा थर. उन्हात झटकन सुकलेला चुना भुसभुशीत राहतो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घट्ट व्हायला त्याला ओल लागते.

शेवटी दुधाइतका पातळ चुना, तीन-चार हात. रंगासाठी पिवळी माती, गेरू किंवा नीळ. चुन्याच्या वजनाच्या दहाव्या भागाहून जास्त नको, नाहीतर हाताला लागतो. ओला रंग गडद दिसतो, सुकल्यावर बराच उजळतो. म्हणून आधी भिंतीच्या कोपऱ्यात हातभर पट्टा मारून दोन दिवस थांबा. प्लास्टिक इमल्शनचा रंग वरून लावलात तर ओल पुन्हा कोंडलीच.