डिझेल गाडीचे हीटर प्लग बदलताना: खरी कसोटी खोलण्यात

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबाने हवा तापते आणि त्या हवेत पडलेले डिझेल आपोआप पेटते. इंजिन गार असेल तर ही उष्णता आजूबाजूचा धातूच ओढून घेतो. ती तूट भरून काढायला विजेवर तापणारा ग्लो प्लग असतो. गॅरेजात त्याला हीटर प्लग म्हणतात. नवा प्लग बसवणे अगदी सोपे आहे. नुकसान होते ते जुना काढताना, कारण अर्धा प्लग हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या धातूच्या झाकणात, तुटून राहिला की छोटे काम थेट हेड उतरवण्यापर्यंत जाते. म्हणून या लेखात खोलण्यावर जास्त भर दिला आहे.

आधी इंजिन ओळखा

जुनी १४०५ सीसीची इंडिका किंवा मर्सिडीज घराण्यातले ओएम ६१६ इंजिन असलेली ट्रॅक्स, यांत डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारले जाते. तिथे उष्णता फार वाया जाते, त्यामुळे प्लग गेले की नाशिक-पुण्याच्या थंडीत सकाळी स्टार्टर नुसता फिरत राहतो. सुरू झालीच तर पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा वास आणि मिनिटभर थरथर. या प्लगना साधारण बॅटरीइतकाच व्होल्टेज मिळतो. आटे (स्क्रूसारख्या खाचा) १० किंवा १२ मिमीचे असतात आणि प्लग दणकट असतो.

स्विफ्ट, पुंटोमधल्या १.३ मल्टिजेटसारख्या कॉमन रेल इंजिनात (जिथे एकाच सामाईक नळीतून सगळ्या सिलिंडरना उच्च दाबाचे डिझेल मिळते) डिझेल थेट पिस्टनवर फवारले जाते. आपल्याकडच्या हवेत ही इंजिने प्लगशिवायही बहुतेक वेळा सुरू होतात. बिघाड कळतो तो डॅशबोर्डवरच्या दिव्यावरून. पण म्हणून दुर्लक्ष करू नका. गाडी सुरू झाल्यावरही काही वेळ प्लग तापलेले राहतात आणि धूर व खडखड कमी करतात. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या काही गाड्यांत प्लगचा दोष नोंदला गेला की फिल्टरची काजळी जाळणेच थांबते. नव्या इंजिनांतले बरेच प्लग ४ ते ७ व्होल्टचे असतात, आटे ८ किंवा १० मिमीचे, अंग बारीक आणि लांब. काहींचे टोक सिरॅमिकचे असते. तसा प्लग हातातून पडला तर वरून धड दिसला तरी वापरू नका. आतल्या तड्याचा तुकडा सिलिंडरमध्ये पडू शकतो.

प्लगच गेला आहे ना?

चावी बंद करा, प्लगना वीज देणारी वरची धातूची पट्टी किंवा कनेक्टर काढा आणि मल्टीमीटर ओहमवर ठेवून प्लगचे टोक व इंजिनचा धातू यांच्यामध्ये मोजा. धातूचा चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर तो प्लग मेला. चारही चांगले निघाले तर प्लग घ्यायला धावू नका. आधी जाड फ्यूज, रिले (प्लगचा वीजप्रवाह चालू-बंद करणारा स्विच) आणि वायर तपासा. नव्या गाडीत स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारे यंत्र) लावला तर पी०६७१ ते पी०६७४ हे कोड अनुक्रमे पहिल्या ते चौथ्या सिलिंडरचे सर्किट दाखवतात. पी०६७० आला तर संशय प्लग चालवणाऱ्या कंट्रोल युनिटच्या सर्किटवर.

प्लग बाहेर काढून बॅटरीला जोडून लाल होतो का ते पाहण्याची जुनी पद्धत जुन्या १२ व्होल्टच्या प्लगपुरतीच ठीक. ४-५ व्होल्टचा प्लग तसा जोडला की क्षणात जळतो.

खोलणे

शक्य असेल तर आदल्या रात्रीच प्रत्येक प्लगच्या बुडाशी गंज सोडवणारे तेल सोडा. त्याआधी खड्ड्यातली धूळ-वाळू कॉम्प्रेसरच्या हवेने उडवा, नाहीतर प्लग निघताच ती सिलिंडरमध्ये जाईल. दुसऱ्या दिवशी गाडी चालवून इंजिन पूर्ण तापवा, मग बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. गरम हेडमध्ये आटे सैल पडतात. हातमोजे हवेतच. कॉमन रेलच्या जाड पोलादी नळ्यांना मात्र कधीही पाना लावू नका. त्यांत हजार बारच्या वर दाब असतो.

लांब सॉकेट प्लगवर सरळ बसवा. तिरका जोर हाच प्लग तुटण्याचा राजमार्ग आहे. सोडवताना टॉर्क पाना (किती जोर लागतो ते दाखवणारा पाना) वापरा आणि ही मर्यादा ओलांडू नका: ८ मिमीला २० न्यूटन-मीटर, १० मिमीला ३५, १२ मिमीला ४५. तेवढ्यात सुटला नाही तर थांबा. पुन्हा तेल, पुन्हा इंजिन गरम, पुन्हा प्रयत्न. हलू लागला की पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा मागे, असे करत आटे मोकळे करा. पान्याला पाइप लावून लांबवणे किंवा इम्पॅक्ट गन चालवणे म्हणजे तुटण्याला आमंत्रण. मीटरवर चांगला दिसणारा पण हट्टाने न निघणारा प्लग तसाच राहू द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चारचा संच बदलण्याच्या हौसेपायी हेड धोक्यात घालू नये.

निघालेला प्लग वाचा

टोक फुगले असेल तर व्होल्टेज जास्त आला आहे किंवा रिले चिकटून प्लग सतत तापत राहिला आहे. टोक वितळले असेल तर डिझेल फवारणारा इंजेक्टर गळतो का, फवारणीचे टायमिंग बिघडले आहे का, ते पाहा. नाहीतर नवा प्लगही तसाच जाईल. टोक नाहीसेच झाले असेल तर तुकडा आत असण्याची शक्यता आहे. तो सापडेपर्यंत इंजिन फिरवू नका.

बसवणे

भोकातला कार्बन त्याच मापाच्या रीमरने (भोक आतून खरवडून साफ करणाऱ्या हत्याराने) काढा. रीमरच्या खाचांत ग्रीस भरा, म्हणजे काजळी त्याला चिकटून बाहेर येईल. नवा प्लग त्याच इंजिनाच्या पार्ट नंबरचा हवा. आटे जुळले म्हणजे प्लग जुळला असे नाही. लांबी जास्त असली तर टोक पिस्टनला लागू शकते, आणि व्होल्टेज वेगळा असला तर प्लग जळतो. नवा प्लगही बसवण्यापूर्वी ओहममध्ये मोजून घ्या.

पहिले सगळे आटे हाताने लावा. मध्येच अडला तर उलटा काढून पुन्हा साफ करा. शेवटचे आवळणे गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. ते हाताशी नसेल तर ८ मिमीला १०, १० मिमीला १५ आणि १२ मिमीला २२ न्यूटन-मीटर हे सर्वसाधारण आकडे आहेत. वरच्या वायरचा नट अगदी हलक्या हाताने, कारण त्याला २-३ न्यूटन-मीटर पुरतात. कनेक्टर, पट्टी, बॅटरी जोडा आणि स्कॅनरने कोड पुसा.

नंतर गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी चावी फिरवून डॅशबोर्डवरचे स्प्रिंगसारखे पिवळे चिन्ह विझेपर्यंत थांबा, मग स्टार्ट करा. हीटर प्लग असलेल्या इंजिनात इथरचा स्प्रे मारू नका, आत स्फोट होतो. प्लग नवे असूनही पांढरा धूर कायम राहिला तर पुढची तपासणी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) आणि इंजेक्टरची.